गावाचं ध्वनिपत्र चालू ठेवायचंय: परवाना लागतो का? कम्युनिटी रेडिओबद्दलही मार्गदर्शन हवं

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे वाचाल तर कळेल.

दीड वर्षापूर्वी आम्ही सात जणींनी दर रविवारी फोनवर दहा मिनिटांचं ध्वनिपत्र काढायला सुरुवात केली. कुठल्या वाड्यावर नळाला किती वाजता पाणी आलं, कुणाच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) गवे शिरले, ग्रामसभेत काय ठरलं आणि काय नुसतंच बोललं गेलं, मध्ये एखादी जुनी फुगडी. बोलतो कोकणीत, कागदावर टिपणं मराठीत. आमच्याकडे तसंच चालतं. रेकॉर्डिंग आमच्या कोठीच्या खोलीत. भाताची पोती भिंतीला लावून ठेवली की आवाज घुमत नाही, पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला की थांबावंच लागतं.

गावात रेंज नाही. म्हणून संध्याकाळी मी वर सड्यावर (डोंगरावरच्या सपाटीवर) जाऊन फाइल पाठवते, पोरं तिथेच उतरवून घेतात आणि खाली येऊन घरोघरी देतात. शेजारच्या काकीला वाचता येत नाही. ती उंबऱ्यावर बसून फोन कानाला लावते, आणि संपलं की नातवाला सांगते, "परत लाय रे." ज्या दिवशी तिचा स्वतःचा आवाज त्यात होता, त्या दिवशी तिने चार वेळा ऐकलं.

मे महिन्यात तीन बायका पाण्याच्या टाकीबद्दल बोलल्या. टाकी बांधून झाली, पण वरच्या वाड्यावर पाणी चढत नाही, एवढंच. कुणाचं नाव नाही, शिवी नाही. दोन दिवसांनी गावातल्या एका वजनदार माणसाने आम्हाला बोलावून सांगितलं, "परवाना नसताना बातम्या देणं हा गुन्हा आहे, प्रकरण पोलिसांत जाईल." तिघींच्या घरच्यांनी त्यांचं येणं बंद केलं. आता आम्ही चौघी उरलोय.

माझी आजी सांगायची, पोर्तुगीज अमदानीत ज्या घरात रेडिओ होता तिथे दार लोटून, आवाज बारीक करून गोव्याच्या मुक्तीचं प्रक्षेपण ऐकायचे. १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या रानातून, मग कॅसलरॉकहून ते गुप्त केंद्र चालवलं, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. आंबोली आमच्यापासून काही फार लांब नाही. तेव्हा दार का लोटत होते ते समजतं. आज स्वतःच्या नळाबद्दल बोलताना दार का लोटायचं, हे मला समजत नाही, आणि त्याचा राग येतो.

म्हणून विचारतेय. व्हॉट्सॲपवरच्या अशा ध्वनिपत्राला खरंच परवाना लागतो का? आणि त्यापेक्षा रीतसर कम्युनिटी रेडिओच, म्हणजे आसपासच्या गावांपुरतं संस्थेने चालवलेलं छोटं रेडिओ केंद्रच, काढावं का? आमचं महिला मंडळ नोंदणीकृत आहे, पण नोंदणी होऊन चौदाच महिने झालेत. एका महाविद्यालयाच्या आधाराने काढता येईल असं कुणीतरी सुचवलं. मग काय बोलायचं ते कोण ठरवणार? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी भीती काढून टाका. रेडिओचा परवाना लागतो तो रेडिओलहरी वापरायला. फोनवरून फाइल पाठवणं हे त्यात येतच नाही. २०२१चे डिजिटल माध्यमांचे नियम आहेत, पण ते व्यवसाय म्हणून पद्धतशीर बातम्या देणाऱ्यांसाठी. तुम्ही ते करत नाही. मात्र बदनामीचा कायदा सगळ्यांनाच लागू आहे, तेव्हा कोण काय बोललं, कोणत्या तारखेला, याची वही ठेवा.

रेडिओचं सांगतो, मी एका केंद्रात चार वर्षं काम केलंय. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं म्हटलं, तरी २००२ मध्ये दार उघडलं ते फक्त शिक्षणसंस्थांना. सामाजिक संस्थांना २००६ मध्ये. संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षं जुनी लागते, म्हणजे तुम्हाला अजून थांबावं लागेल. ट्रान्समीटर ५० वॅटचा, अँटेना ३० मीटरपर्यंत. सपाट प्रदेशात पाच-दहा किलोमीटर जातं. तुमच्या डोंगरात एका खोऱ्यातला आवाज दुसऱ्या खोऱ्यात पोचेल याची खात्री धरू नका. जागा बघताना हे आधी बघा, कागदपत्रं नंतर.

आणि खरी अडचण पुढे आहे. कम्युनिटी रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा द्यायच्या. पाणीपुरवठ्याची सूचना चालते, पण टाकीत पाणी का चढत नाही हे विचारलं की ती बातमी की संवाद, यावर वाद होऊ शकतो. महाविद्यालयाच्या नावावर परवाना असेल तर जबाबदारी त्यांची, म्हणजे शेवटचा शब्दही त्यांचाच. मला विचाराल तर आहे ते फोनवरचं सोडू नका. तेलंगणातल्या पास्तापूरचं संघम रेडिओ २००८ मध्ये सुरू झालं, पण तिथल्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून कार्यक्रम रेकॉर्ड करून कॅसेटवर गावागावांत ऐकवत होत्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. कॅसेटचं वाचून फार बरं वाटलं. हा प्रतिसाद मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून त्या तिघींच्या घरी घेऊन जाते, सासरे वाचतात त्यांचे. वहीसुद्धा आजपासून. एक राहिलंच विचारायचं: बोलणाऱ्या बाईची संमती फोनवर तिच्याच आवाजात रेकॉर्ड केली तर पुरते, की सही किंवा अंगठा लागतो? टाकीबद्दल बोललेल्यांपैकी एक येत्या रविवारी पुन्हा बोलायला तयार आहे, त्याआधी कळलं तर बरं.