मदत हवी आहे: मे महिन्यात भाचरं येतायत, हाताने करण्याजोगं विज्ञान सुचवा (तासगाव, जि. सांगली)

येरळाकाठ
नमस्कार मंडळी,

बहीण पुण्यात असते. तिची दोन मुलं सुट्टीला आमच्याकडे येणार आहेत. थोरला आता सातवीत जाईल, धाकटी चौथीत. आम्ही तासगाव तालुक्यात, गावापासून जरा आत रानात राहतो. द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे, विहीर आहे. दारात लिंबू, कढीपत्ता, कुंपणावर गोकर्ण. सामान उदंड, पण त्याचं करायचं काय ते मला सुचत नाही.

दोघांना प्रयोगांच्या व्हिडिओंचं भलतं वेड आहे. एक संपला की दुसरा. पेपरमिंटची गोळी टाकली की कोल्ड्रिंकचं कारंजं उडतं, टाळ्या, पुढचा व्हिडिओ. थोरल्याला विचारलं, "का उडालं रे?" तर म्हणे, "मामा, रिअ‍ॅक्शन होते." कसली, ते कुणी सांगितलेलंच नाही. मागे एका दुकानातून विज्ञानाचा तयार संच आणून दिला होता. त्यातली मोटर पहिल्याच दिवशी बसली आणि संच माळ्यावर गेला.

तर विचारायचं हे की घरातल्या, रानातल्या वस्तूंनी काय काय करता येईल? आणि त्यांनी 'का' विचारलं तर मला वाचून सांगता येईल असं मराठीत, फुकट, नेटवर काय आहे? मी बी. कॉम. माणूस, विज्ञान दहावीला सुटलं. रेंज अधूनमधून असते. शे-दोनशे रुपये खर्च चालेल. आग, ॲसिड असलं काही नको, बहीण मला फाडून खाईल.

आगाऊ धन्यवाद.

सायकलवाला_मिरज
आधी सायकलच्या दुकानात जा आणि चार-पाच मीटर व्हॉल्व्हट्यूब (व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी) मागा. काड्यापेटीच्या काड्यांची गुलं खरवडून टाका. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, दोन्ही बाजूंनी काडी खुपसा, सांधा तयार. तिसरी काडी जोडायची तर तुकड्याच्या मध्यावर सुईने भोक पाडून घुसवायची. मग मुलांना त्रिकोण करायला सांगा, चौकोन करायला सांगा आणि दाबून बघू द्या. चौकोन लगेच कलंडतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात कर्णावर एक काडी टाकली की तोही ताठ. एवढं झालं की त्यांना शेडमध्ये न्या आणि पत्र्याखालच्या कैच्या बघायला सांगा. तुम्ही काही बोलू नका, तीच बोलतील.

ही कल्पना अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याला आयुका या खगोलसंस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, २०१८ला पद्मश्री मिळाली. टाकाऊपासून खेळणी हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. 'अरविंद गुप्ता टॉइज' असं शोधा. खेळण्यांच्या छोट्या फिल्म आणि पुस्तकं मराठीतही आहेत, सगळं फुकट. रेंज असेल तेव्हा उतरवून ठेवा.

मास्तरीणबाई
+१. एक दुरुस्ती मात्र करते. कोल्ड्रिंकच्या कारंज्यात रासायनिक अभिक्रिया नसतेच. कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात दाबून विरघळवलेला असतो. गोळीच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या बारीक खळग्यांना धरून त्याचे बुडबुडे भराभर तयार होतात आणि वर येताना द्रव घेऊन येतात. खात्री करायची तर सोड्यात बेदाणा टाका. सुरकुत्यांमध्ये बुडबुडे चिकटतात, बेदाणा वर येतो, वर बुडबुडे फुटले की परत खाली. थोडक्या पैशांत अर्धा तास करमणूक, शिवाय बेदाणा तुमच्या घरचाच.

वाचायला: बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, भाच्याची पुढच्या वर्षीची आत्ताच उतरवा. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची प्राथमिकची विज्ञानाची पुस्तकं मराठीत आहेत, त्यात उत्तरांपेक्षा 'बघा, करा, मोजा' जास्त. अडलं तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, भाषा जड वाटेल, पण तुम्ही वाचून सोपं करून सांगू शकाल. फेट नावाची कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स आहेत, त्यातली बरीच मराठीत, आणि उतरवून घेतली तर नेटशिवाय चालतात. पण ती शेवटी. वायर-बॅटरी-बल्ब हातात येण्याआधी पडद्यावरचा बल्ब पेटवण्यात मजा नाही.

सदा_बिनधास्त
कशाला तो उपद्व्याप? सुट्टी आहे, पोरांना विहिरीत डुंबू द्या, आंबे खाऊ द्या. आम्ही मामाकडे जायचो तेव्हा मामा असले 'उपक्रम' घेत नव्हता. हल्ली पालकांना सुट्टीतसुद्धा निकाल हवा असतो.

येरळाकाठ
सदाभाऊ, डुंबणं आहेच, त्याला कोण अडवतंय? पण दुपारी बारा ते चार उन्हात सोडता येत नाही आणि तेवढ्या वेळात फोनची बॅटरी संपते. प्रश्न त्या चार तासांचा आहे.

सायकलवाला, मास्तरीणबाई, फार आभार. बेदाण्याचं मी आजच सोड्यात करून पाहिलं. आमच्या आईने अख्खी वाटी संपवली (बेदाण्यांची, सोड्याची नाही).

हळद्या
सांगलीकडचा माणूस आणि हळद कुणी सुचवली नाही?

हळदीची पूड थोड्या पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला फासा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. त्या पट्टीवर साबणाचं पाणी, पापडखाराचं पाणी, खायच्या चुन्याची निवळी घातली तर लाल-तांबूस होते. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. हळदीतल्या कुर्क्युमिनचा हा गुण. कुंकू पूर्वी हळदीपासून करायचे ते याच जोरावर. धाकटीला हे सांगा, तिला जादू वाटेल आणि मग जादू नाही हेही कळेल.

हळद फक्त अल्क (साबण, चुन्यासारखे पदार्थ) ओळखते, लिंबू आणि साधं पाणी तिला सारखंच. म्हणून कुंपणावरची गोकर्ण घ्या. मूठभर फुलं गरम पाण्यात टाकली की निळंशार पाणी. त्यात लिंबू पिळलं की जांभळट-गुलाबी, खायचा सोडा घातला की हिरवट. घरातलं दही, चिंचेचा कोळ, राख, शॅम्पू, विहिरीचं पाणी, सगळं एकेका वाटीत घालून रंगांची रांग लावायला लावा. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग थेंब टाकायचा. वही हवीच, नाहीतर तो पण व्हिडिओच.

चुना डोळ्यांपासून लांब. निवळी तुम्ही करून द्या.

येरळाकाठ
हळद्या, थांबवेना म्हणून लगेच करून बघितलं. शेडमधल्या डिपिंगच्या पाण्यात (बेदाण्याला वाळवण्याआधी द्राक्षं बुडवतो ते) पट्टी बुडवली (मीच, हातमोजे घालून) तर लालभडक! त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं हे मला औषध दुकानाच्या बिलावरून पाठ होतं, ते अल्क आहे हे आज डोळ्यांनी पाहिलं.

मास्तरीणबाई
अहो, मग तुमच्याकडे तयार प्रयोगशाळाच आहे! डिपिंग का करतात हाच प्रयोग करा. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पातळ पांढुरका थर असतो, बोटाने पुसला की मणी चकाकतो. तो थर पाणी आत धरून ठेवतो. कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमधलं इथाइल ओलिएट मिळून त्या थरातून पाण्याला वाट करून देतात, म्हणून माल लवकर वाळतो.

दोन सारखे घड घ्या. एक तुम्ही बुडवून द्या, दुसरा नुसता. दोन्ही शेडमध्ये रॅकवर शेजारी-शेजारी ठेवायचे. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रोज ठरल्या वेळी वजन, थोरल्याने आलेख काढायचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे तुम्हाला माहीतच आहे. ते आकडे त्याला सांगू नका, वजनातून काढू द्या. हे घड खायचे नाहीत, हे मात्र आधीच बजावा.

उलटा प्रयोगही आहे. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं दाट पाणी, दोन्हींत बेदाणे. सकाळी कुठले फुगले, कुठले नाहीत, ते बघा.

येरळाकाठ
माल संपत आलाय, पण चार घड झाडावर राखून ठेवतो. डिपिंग केलेला पंधरवड्यात उतरतो, न केलेला किती दिवस घेतो हे आम्ही कधी मोजायच्या भानगडीतच पडलो नाही. बाकी बापजाद्यांपासून "तेल लावलं की वाळतं" एवढंच ज्ञान.

लिंबोणी
दारच्या लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याने शिटल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका. ती लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मनची छोटी अळी असते. थोडी मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीने हळूच टोचलं तर डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा नारिंगी-लालसर अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच करू द्या, पुन:पुन्हा नको.

प्लास्टिकच्या बरणीला वर मच्छरदाणीचा तुकडा बांधा, आत ओल्या कापसात देठ गुंडाळलेली फांदी, रोज ताजं पान. अंडं ते फुलपाखरू महिन्याभरात होतं. उन्हाळ्यात अळ्या कमी सापडतील, पण पाणी दिलेल्या झाडाला नवी पालवी असते, तिथे शोधा. फुलपाखरू बाहेर आलं की लगेच सोडायचं.

आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, मराठीत नीलवंत, याच कुळातलं. २०१५ला तो मान मिळाला.

किड्या-झाडांची नावं कळायला 'सीक' ॲप टाका, खातं लागत नाही, मुलांसाठी बरं. पक्ष्यांसाठी कॉर्नेलचं 'मर्लिन', भारताचा पॅक आधी वायफायवर उतरवून घ्या, मग रानात नेट नसलं तरी चालतं. आवाजावरून ते जे नाव सांगेल ते पुरावा मानू नका, पक्षी दिसला तरच वहीत लिहा. आमच्याकडे बुलबुलाच्या आवाजाला ते कायकाय म्हणतं!

पठारी_पावसाळा
कासला घेऊन जा की! साताऱ्यापासून जवळ, २०१२पासून जागतिक वारसा.

लिंबोणी
मे महिन्यात कासला काय दाखवणार, तापलेला जांभा? दवबिंदू, सीतेची आसवं ही सगळी रोपं-फुलं पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबर. मे मध्ये जायचंच तर तुमच्याच जिल्ह्यात सागरेश्वर आहे, देवराष्ट्र्याजवळ. सकाळी लवकर. माणसांनी उजाड डोंगरावर उभं केलेलं अभयारण्य आहे, हरणं दिसतील.

दुपारची_सावली
हा धागा वाचून राहवलं नाही, कारण तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी एकाच गावात बसून पुरती करता येत नाही, तिला दोन गावं लागतात. मुलं मेच्या पहिल्या आठवड्यात येत असतील तर ७-८ मेच्या सुमारास तासगावात शून्य सावली असते. सूर्य बरोब्बर डोक्यावर. घड्याळात बारा नाही, साधारण १२ वाजून २८ मिनिटांनी, कारण आपली प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि तुम्ही त्याच्या बऱ्याच पश्चिमेला.

गवंड्याकडून ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) मागून आणा आणि एक मीटरचा सरळ पाइप शेडसमोर ओळंब्यात उभा करा. मुलं आल्या दिवसापासून रोज बाराला पाच कमी असल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. सर्वात आखूड सावली आधी उत्तरेला पडेल, रोज साधारण पाच मिलिमीटरने आखडत जाईल, एक दिवस नाहीशी होईल आणि मग दक्षिणेला निघेल. दुपारची सावली दक्षिणेला पडते हे बऱ्याच मोठ्या माणसांनीही कधी पाहिलेलं नसतं.

आता खरी मजा. पुण्याला मुलांचे बाबा असतीलच ना? त्याच दिवशी त्यांनीही एक मीटरचा पाइप ओळंब्यात लावून सर्वात आखूड सावली मोजायची (तिकडे दोन-तीन मिनिटं उशिरा). ती २६ मिलिमीटरच्या आसपास येईल, म्हणजे दीड अंश. तासगाव ते पुणे सरळ उत्तर-दक्षिण अंतर १६५ किलोमीटर धरा, रस्त्याचं नाही. दीड अंशाला १६५, तर ३६० अंशाला किती? त्रैराशिक थोरल्याला येतं. उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतं, म्हणजे पृथ्वीचा परीघ. सावली दोन मिलिमीटरने चुकली तर परीघ तीन हजार किलोमीटरने हलतो, तेव्हा पाइप किंचितही कलता कामा नये. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये याच रीतीने केलं होतं.

टोपी घाला, सूर्याकडे बघायचं नाही, खाली सावलीकडे बघायचं. आपल्या गावची तारीख ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या शून्य सावलीच्या पानावर तपासून घ्या.

सदा_बिनधास्त
हे मी करणार. इस्लामपूरची तारीख काढून द्या कुणीतरी.

दुपारची_सावली
सदाभाऊ, अक्षांश जवळपास तासगावचाच आहे, तुम्हालाही ७-८ मेच.

येरळाकाठ
दाजींना फोन केला. सुरुवातीला "ऑफिस आहे" म्हणाले, मग परीघाचं सांगितल्यावर तेच दुसऱ्यांदा फोन करून विचारतायत की पाइप स्टीलचा घेऊ का पीव्हीसीचा. त्यांची एकच शंका: गच्चीवर शेजारीच पाण्याची टाकी आहे, तिची सावली पाइपावर पडली तर?

दुपारची_सावली
पीव्हीसी चालेल, ओळंब्यात असला म्हणजे झालं. टाकीची चिंता नको. दीड मीटर उंच टाकीची सावली त्या वेळी चार सेंटिमीटरची असेल. पाइप हातभर लांब रोवला की पुरे.