मदत हवी आहे: मेकॅनिकल इंटिग्रिटी प्रोग्रॅम, ऑडिट तोंडावर

खेर्डीचा_नट:
नमस्कार मंडळी. लोट्याला केमिकल प्लँटचा मेंटेनन्स बघतो. पुढच्या महिन्यात अमेरिकन कस्टमरचं ऑडिट आहे, त्यांना 'मेकॅनिकल इंटिग्रिटी प्रोग्रॅम' बघायचाय, म्हणजे उपकरणं-पाइप शाबूत आहेत ना हे तपासायची आमची सगळी व्यवस्था. आमच्याकडे व्हेसलची (प्रेशरच्या टाक्यांची) सर्टिफिकेटं, पीएसव्हीचे (सेफ्टी व्हॉल्व्हचे) टेस्ट रिपोर्ट, लाइनच्या (पाइपांच्या) जाडीचे रिपोर्ट सगळं फायलींत आहे. एवढ्यावर भागेल ना? कोणाकडे तयार फॉरमॅट असेल तर व्यनि करा. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

आखाती_इन्स्पेक्टर:
व्हेसल किती? कोणत्या कोडची? लाइनमध्ये काय वाहतं? काहीच लिहिलेलं नाही. आम्ही कुवेतला सरळ आरबीआय (रिस्क बेस्ड इन्स्पेक्शन, जोखीम बघून तपासणी) केलं, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय ५८१ प्रमाणे. सॉफ्टवेअर घ्या, कुठे कधी बघायचं ते आपोआप निघतं.

एमआयडीसी_मामा:
साहेब, त्या सॉफ्टवेअरच्या पोटात घालायला माहिती लागते. इथे लाइन लिस्ट (पाइपांची यादी) आहे का ते तरी विचारा आधी.
नटभाऊ, ते लोक विचारतील ओशाच्या (अमेरिकेचं कामगार सुरक्षा खातं) १९९२ च्या पीएसएम (प्रोसेस सेफ्टी मॅनेजमेंट) नियमावरून. आपल्याकडे तो कायदा नाही, पण यादी तीच धरतात: व्हेसल आणि टँक, व्हॉल्व्हसकट पाइपिंग, रिलीफ आणि व्हेंट, इमर्जन्सी शटडाउन, सेन्सर-अलार्म-इंटरलॉक (धोका दिसला की आपोआप बंद करणारी सोय), पंप. तुमच्या फायलीत यातलं निम्मंच दिसतंय. इंटरलॉक खरोखर ट्रिप करून शेवटचा कधी बघितला?

खेर्डीचा_नट:
इंटरलॉक इन्स्ट्रुमेंटवाले बघतात, तो माझा प्रश्न नाही. लाइन लिस्ट आहे, अर्धी. जाडीच्या रिपोर्टचा नमुना देतो. ४ इंची लाइन, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचा ग्रेड), एक एल्बो (वळणाचा तुकडा): २०२१ ला ५.२ मिमी, २०२३ ला ५.६, २०२५ ला ५.३. ठीक आहे ना?

मिमी_ताई:
दोन वर्षांत एल्बो ०.४ मिमीनं बाळसं धरून बसला आणि रिपोर्टवर सही करणाऱ्याला काहीच वाटलं नाही?

बॉयलर_अण्णा:
लाइन गरम असेल. जाडीचं मीटर आवाज पाठवून मोजतं; गरम लोखंडात आवाज हळू जातो, रीडिंग जास्त येतं.

मिमी_ताई:
अण्णा, तो फरक दर ५५ अंशांना साधारण १ टक्का. ५ मिमीवर ०.४ चा फरक पडायला लाइन साडेचारशे डिग्रीची हवी. मला रंगाचा संशय आहे. रंगात आवाज स्टीलच्या निम्म्याहून कमी वेगानं जातो, त्यामुळे दीडशे मायक्रॉनचा कोट मीटरला ०.४ मिमीच्या आसपास स्टील वाटतो. मधे रंग मारला होता का? मीटर एको-टु-एको मोडचं (रंग सोडून नुसतं स्टील मोजणारं) होतं का? आणि प्रोब तिन्ही वेळा एकाच जागी टेकवला होता?

खेर्डीचा_नट:
रंग २०२२ च्या पावसाळ्याआधी मारला. पॉइंट मार्क केलेले नाहीत, पार्टी येते, रीडिंग घेते, जाते. मीटरचं माहीत नाही. सल्फ्युरिकची लाइन आहे, ९८ टक्के, कार्बन स्टील.

एमआयडीसी_मामा:
सल्फ्युरिक! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं राव.

बॉयलर_अण्णा:
एवढी चर्चा कशाला? वर्षातून एकदा हायड्रोटेस्ट घ्या, पाणी भरून दीडपट प्रेशर, विषय संपला. बॉयलरला आयुष्यभर तेच केलं.

एमआयडीसी_मामा:
अण्णा, हात जोडतो. सल्फ्युरिकच्या लाइनमध्ये पाणी? तळाशी राहिलेलं ॲसिड पाण्यानं पातळ झालं की उष्णता निघते ती वेगळीच, वर ते पातळ ॲसिड कार्बन स्टील खात सुटतं. ९८ टक्क्यात पाइपला आतून आयर्न सल्फेटचा थर सांभाळतो, तो थरही जातो. आणि टेस्ट पास झाली तरी आज फुटलं नाही एवढंच कळणार. सहा महिन्यांत किती झिजेल ते कुठे कळतं?

सुलभा_रोहा:
माझ्या भाच्याला इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट, एपीआय ५१० की ५७०, करायचंय. क्लास पुण्यात बरा की मुंबईत?

आखाती_इन्स्पेक्टर:
मावशी, आधी अनुभवाची अट बघा, शिक्षणाप्रमाणे बदलते ती. वेगळा धागा काढा.
नट, तो सल्फेटचा थर हळू वाहत्या ॲसिडमध्येच टिकतो. कार्बन स्टीलला वेग साधारण ०.९ मीटर प्रति सेकंदाच्या आत ठेवतात. तुमचा फ्लो किती?

खेर्डीचा_नट:
आधी तासाला २० घनमीटर होता. मागच्या वर्षी प्रॉडक्शननं मोठा पंप मागितला, आता ४०. याचा ऑडिटशी काय संबंध?

मिमी_ताई:
२० ला वेग ०.७ च्या आत होता, ४० ला १.३ च्या वर गेलाय. म्हणजे जुना झिजण्याचा वेग धरून काढलेलं उरलेलं आयुष्य बाद. नियम साधा आहे: आत्ताची जाडी वजा लागणारी जाडी, भागिले झिजण्याचा वेग. येतील त्या वर्षांच्या निम्म्यात पुढची तपासणी. तुमच्या रिपोर्टात 'लागणारी जाडी' हा रकानाच नसणार.

खेर्डीचा_नट:
नाही. 'समाधानकारक' एवढंच आहे. १० बारला किती धरू?

आखाती_इन्स्पेक्टर:
नुसत्या प्रेशरचं गणित केलं तर अर्धा मिलिमीटरही पुरतो! त्यावर जाऊ नका. सपोर्टमधलं वजन, व्हॉल्व्ह, कोणी लाइनवर पाय देऊन चढणं, सगळं धरून स्ट्रक्चरल मिनिमम ठरवतात. तो आकडा लेखी हवा, कोणी ठरवला त्याच्या सहीसकट.

बॉयलर_अण्णा:
पातळ निघाला एल्बो तर बाहेरून पट्टी वेल्ड करा, पुढच्या शटडाउनला बदला.

मिमी_ताई:
ॲसिड स्टीलला खातं तेव्हा हायड्रोजन सुटतो आणि लाइनच्या उंच भागात साठतो. तिथे वेल्डिंग? पातळ भिंतीवर? नको अण्णा.
नट, फॉरमॅट सोडा. आधी एल्बोच्या बाहेरच्या वळणावर रंग हातानं घासून काढा, पेंट मार्करनं पॉइंट करा, जाळी आखून रीडिंग घ्या. पीपीई (अंगावरची सुरक्षा साधनं) ॲसिडची. आणि पंप बदलल्याचा एमओसी (मॅनेजमेंट ऑफ चेंज, बदलाची लेखी मंजुरी) कुठेय ते शोधा, ऑडिटर तो मागणारच.

खेर्डीचा_नट:
एमओसी नाही, पंप 'लाइक फॉर लाइक'मध्ये (जशाला तसा बदलला असा) दाखवलाय. शनिवारी पंप बंद मिळाला. रंग काढून रीडिंग: बाहेरच्या वळणावर ३.९, आतल्या बाजूला ५.१. पंपापासून दुसरा एल्बो.

एमआयडीसी_मामा:
आणि पहिला?

खेर्डीचा_नट:
तो रॅकवर, उंचावर आहे. स्कॅफोल्डिंग सोमवारी.

मिमी_ताई:
तोवर ४० वर चालवू नका.