मदत हवी आहे: फिल्टर करूनही ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची आम्लता उतरत नाही

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे, तिथलं विजेचं सगळं मी बघतो. आवारात ११ केव्हीचा, २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, वय १७ वर्षं. दर पावसाळ्याआधी तेलाचा नमुना लॅबला पाठवतो. तीन वर्षांत आम्लता ०.११, मग ०.१७ आणि आता ०.२६ आली (एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लागतं तो आकडा).

मे महिन्यात ठेकेदाराने फिल्टर मशीन लावून दोन दिवस तेल फिरवलं. बीडीव्ही (किती व्होल्टेजपर्यंत तेल वीज रोखून धरतं ते) २८ वरून ५८ केव्हीवर गेली. मला वाटलं, सुटलो. पण नवा नमुना पाठवला तर आम्लता ०.२५! ठेकेदार म्हणतो, खाऱ्या वाऱ्याने आम्ल होतं, किनाऱ्यावर असंच चालायचं. मला हे पटत नाही.

एप्रिल-मेमध्ये कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतात, तेल ८० अंशांपर्यंत तापतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून लोड जवळजवळ नाहीच. पण याच दिवसांत ब्रीदरमधलं (टाकीत जाणारी हवा सुकवणाऱ्या डब्यातलं) सिलिका जेल ओलावा शोषून दोन आठवड्यांत गुलाबी होतं.

आम्ल येतं कुठून? फिल्टरने जात का नाही? नारळी पौर्णिमेनंतर सगळ्या होड्या बाहेर पडतील. तेव्हा ट्रान्सफॉर्मर बसला तर बर्फाविना गावाची मासळी कुजेल, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद

दादा, तुमची शंका बरोबर आहे. खाऱ्या हवेने टाकी गंजते, बुशिंगवर (तारा टाकीत शिरतात तिथल्या इन्सुलेटरवर) मिठाचा थर बसतो. आम्ल मात्र तेलातच तयार होतं. तेलात विरघळलेला ऑक्सिजन आणि उष्णता मिळून आधी पेरॉक्साइड बनवतात, त्यातून अल्डिहाइड, किटोन आणि शेवटी आम्लं. वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या गुंडाळीचं, तांबं ही क्रिया वाढवतं. तापमान ८-१० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे तुमचा एप्रिल-मे महागात पडतो.

दुसरा उगम वाइंडिंगवर इन्सुलेशन म्हणून गुंडाळलेल्या कागदाचा. कागद झिजताना फॉर्मिक, असेटिकसारखी लहान आम्लं सुटतात. ती तेलापेक्षा कागदातच जास्त मुरतात आणि ओलावा मिळाला की कागद आणखी तोडतात. त्यातून पुन्हा पाणी, पुन्हा आम्ल. म्हणून जेल गुलाबी राहणं मला रिपोर्टमधल्या आकड्याइतकंच गंभीर वाटतं.

फिल्टर मशीन पाणी, वायू आणि कचरा काढते, म्हणून बीडीव्ही सुधारली. विरघळलेलं आम्ल त्यातून तसंच निघून जातं. ते धरायला फुलर्स अर्थ ही शोषून घेणारी माती लागते, तिच्यातून तेल फिरवणं म्हणजे रिक्लमेशन. नव्या तेलात आम्लता ०.०१ च्या आसपास असते. तुमच्या व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरला ०.१५ पर्यंत चांगलं, ०.३० च्या वर खराब. म्हणजे अजून वेळ आहे, पण फार नाही. आयएफटी, म्हणजे तेल आणि पाण्याच्या सीमेवरचा ताण, तपासून घ्या. तीही खूप उतरली असेल तर गाळ धरायला लागलाय असं समजा.

एवढ्या लहान ट्रान्सफॉर्मरला तेल बदलणंही परवडेल. फक्त आधी गरम तेलाने आतून धुऊन घ्यायला सांगा, नाहीतर कागदात मुरलेलं जुनं तेल नव्यात उतरतं. आणि ब्रीदरच्या खालच्या कपात तेल आहे का ते आजच पाहा.

धागाकर्ता

पाहिलं. कप कोरडा ठणठणीत होता, म्हणजे बाहेरची दमट हवा सारखी थेट जेलवर येत होती. कप भरला, जेल बदललं. आयएफटीसाठी नमुना उद्या जातोय, आकडे आले की इथे टाकतो.