परभणीचा उन्हाळा आणि लेदरचा सोफा: तेल लावावं का?

परभणीची_सून
नमस्कार मंडळी. बदली झालेल्या एका साहेबांकडून आम्ही लेदरचा सोफा घेतला. वस्तू दणकट आहे. पण पश्चिमेच्या खिडकीकडच्या हातावर बारीक भेगा पडल्यात, डोकं टेकतं तिथं तेलकट काळपट डाग आहे आणि बैठकीवर पांढुरके ठिपके दिसतात. सासूबाई म्हणतात खोबरेल चोळ, चामडं तेल पितं. शेजारच्या काकू कपड्याच्या साबणानं घासायला सांगतात. मृगाच्या आत हे मार्गी लावायचंय. काय करू?

गोदाकाठ
ताई, तेल आणि साबण दोन्ही थांबवा. आधी लेदर कोणतं ते बघा. गादी काढून कुठं आतली बाजू उघडी दिसते का पाहा. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, केसाळ तंतू दिसले तर चामडं. पुष्कळ सोफ्यांत बैठकीलाच चामडं असतं, पाठीमागं आणि बाजूला रेक्झिन, म्हणून एकाच जागी बघून ठरवू नका. मग बैठकीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा थर आहे. मुरून डाग गडद झाला तर थर नाही, आणि ते फार जपून हाताळावं लागतं.

सासूबाईंचं म्हणणं विहिरीच्या मोटेला, चामडी पट्ट्यांना, कोल्हापुरी चपलेला खरं आहे. ते चामडं झाडाच्या साली-हिरड्यात कमावलेलं, वर थर नसलेलं, म्हणून तेल आत जातं. सोफ्याचं बहुतेक चामडं क्रोममध्ये (क्रोमियमच्या क्षारांत) कमावतात, लागणारं तेल कारखान्यातच मुरवतात आणि वरून रंगाचा थर देतात. त्यावर खोबरेल वरच बसतं, आपल्याकडची धूळ धरतं, पुढं खवट वास येतो. डोक्याजवळचा तुमचा डाग केसांच्या तेलाचाच असणार, तेच तेल अख्ख्या सोफ्याला कशाला लावायचं? साबणाचं असं की चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि साबण अल्कली, त्यानं थर कमजोर होतो. काचेचा स्प्रे, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हरही नको.

सेलूचा_सुतार
गोदाकाठ बरोबर सांगतायत. पांढऱ्या ठिपक्यांचं माझं मत: बोअरच्या पाण्यानं पुसलं असेल. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, पाणी उडालं की ते वर राहतात. आरओच्या पाण्यात कापड भिजवून घट्ट पिळा आणि हलकेच पुसा. कुबट वास येत असेल तर मात्र बुरशी समजा.

आधी व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून शिवणींतली धूळ काढा, नाहीतर पुसताना तिचेच कण चामड्यावर घासतात. मग वाटीभर आरओच्या पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब, फेस करा आणि फक्त फेसच कापडावर घ्या. थोडा थोडा भाग पुसा, लगेच साध्या ओल्या कापडानं फेस काढा, पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. वाळल्यावर लेदर कंडिशनरचा पातळ हात. वर्षातून दोनदा बास. आधी हे सगळं बैठकीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. बुटांचं पॉलिश लावू नका, त्याचा रंग कपड्यांना लागतो.

डोक्याचा डाग जुना असेल तर पूर्ण निघेलच असं नाही. थर चिकट झाला असेल तर घासू नका, रंगच निघून येईल. पुढं तिथं धुता येईल असा टॉवेल टाका.

परभणीची_सून
खूप आभार! थेंब बैठकीवर तसाच राहिला. मागची बाजू मात्र रेक्झिन निघाली. भेगांवर कंडिशनर लावून चालेल?

गोदाकाठ
लावा, पण भेग बुजणार नाही, पुढं वाढायची थोडी कमी होईल इतकंच. थर फाटला असेल तर भराव टाकून पुन्हा रंग देणारा कारागीर बघावा लागतो. खर्च त्या एका हाताचाच विचारा, सगळा सोफा रंगवून घेऊ नका. आणि आधी सोफा खिडकीपासून दोन-तीन फूट सरकवा. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, पश्चिमेचं ऊन थेट पडत राहिलं तर कोणतंही कंडिशनर पुरं पडणार नाही.

लातूर_रोड
कुलरचा झोतही सोफ्यावर नको, त्याचे शिंतोडे वाळले की तेच क्षार बसतात. आणि पावसाळ्यात गावाला जाताना सोफ्यावर प्लास्टिक टाकू नका, आत दमट राहून बुरशी धरते. जुनी सुती चादर टाका, भिंतीपासून वीतभर पुढं ओढून ठेवा.