सर्वांत लहान सस्तन प्राणी कोणता? उत्तर मोजपट्टीवर

वटवाघूळ की चिचुंद्री, या वादात दोन्ही बाजू बरोबर आहेत. लांबीत थायलंड-म्यानमारचं किट्टीचं वटवाघूळ लहान, वजनात एट्रुस्कन चिचुंद्री. ही शेपटी सोडून जेमतेम 4 सेंमी, वजन साधारण 1.8 ग्रॅम. पाओलो साव्ही यांनी 1822 मध्ये इटलीतून तिची शास्त्रीय नोंद केली, पण भूमध्य समुद्राकाठापासून दक्षिण आशियापर्यंत ती सापडते. म्हणजे आपल्या भारतातही. आणि चिचुंद्रीला कुणी 'उंदराची जात' म्हणत असेल, तर ते मात्र खरं नाही. तिचे जवळचे नातेवाईक उंदीर आणि साळू नव्हेत, तर मोल (जमिनीखाली बिळं खणणारा छोटा प्राणी) आणि काटेचुवा (हेजहॉग).

मला तिच्या आकारापेक्षा तिची शिकार जास्त भारी वाटते. डोळे जवळपास नावालाच, काम सगळं मिशांचं. काळोखात मिशा लागताच, जवळजवळ स्वतःएवढ्या रातकिड्यावर ती झेप घेते. बर्लिनच्या संशोधकांनी रातकिड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती समोर ठेवली, तर तिच्यावरही हल्ला! रातकिड्याचे उडी मारायचे मागचे पाय चिचुंद्रीला ओळखीची खूण म्हणून पुरतात, असं त्यातून दिसलं.

एवढी घाई का? शरीर इवलंसं, त्यामानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून उष्णता भराभर निसटते. त्यामुळे रोज स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन पट खाणं, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला 1500 पर्यंत. थंडीत किंवा उपासमारीत ती शरीराचं तापमान 12 अंशांपर्यंत उतरवून निपचित पडते. पुन्हा गरम होताना मात्र भरपूर ऊर्जा जाते, तेव्हा ही बचतही फुकटची नाही.