बाहेरून आणलेली पाने आणि फांद्या फिश टँकमध्ये घालाव्यात का?

प्रश्न: पाणवठा, पुणे

नमस्कार. माझ्याकडे 60 लिटरची टाकी असून तीत एक फायटर मासा आणि काही चेरी श्रिंप (छोट्या लाल कोळंब्या) आहेत. दुकानातील लाकडे परवडत नाहीत, म्हणून मी चार गोष्टी जमवल्या आहेत: सोसायटीच्या आवारातील बदामाची गळलेली लाल पाने, घरच्या पेरूची छाटलेली फांदी, मुठेच्या काठावर मिळालेला एक वेडावाकडा ओंडका (झाड ओळखता आले नाही) आणि नाशिकजवळच्या नातेवाइकांच्या बागेतला द्राक्षवेलीचा जुना बुंधा. हे सर्व तासभर उकळून घेतले की निर्धोक होते, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? पाणी कोऱ्या चहासारखे झाले तरी माझी हरकत नाही.

उत्तर: सह्याद्रीवासी

उकळण्याचा उपयोग आहे, पण मर्यादित आहे. त्याने बुरशी, किडे आणि त्यांची अंडी मरतात, लाकडात पाणी मुरून ते लवकर बुडते आणि जास्तीचे टॅनिन (पाण्याला चहासारखा रंग देणारे द्रव्य) निघून जाते. मात्र लाकडातच विषारी द्रव्य असेल किंवा बाहेरून एखादे रसायन मुरलेले असेल, तर ते उकळल्याने जाईलच असे नाही. त्यामुळे झाड कोणते आणि ते कुठे वाढले, ही दोन उत्तरे हाती आल्याशिवाय चूल पेटवण्यात अर्थ नाही.

ओढ्यातले मासे धरण्यासाठी गेळाची फळे ठेचून पाण्यात कालवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गेळ, रिठा, हिंगणबेट यांच्या फळांत सॅपोनिन हे साबणासारखा फेस करणारे द्रव्य असते. ते कल्ल्यांच्या नाजूक आवरणाला इजा करते आणि पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही. माणसाच्या आतड्यातून तेच द्रव्य फारसे शोषले जात नसल्यामुळे असे धरलेले मासे लोक खातात. तेव्हा माणसाला जे बाधत नाही ते माशालाही बाधणार नाही, हा हिशेब इथे लागू पडत नाही. नदीकाठी करंज सर्रास आढळतो आणि त्याच्या बिया व मुळेही मासे गुंगवण्यासाठी वापरली गेली आहेत. आपला ओंडका करंजाचाच आहे असे मी म्हणत नाही, पण तो नाही हेही कोणी सांगू शकत नाही. शिवाय शहरातून वाहणाऱ्या मुठेत सांडपाणी मिसळते आणि जुने, सच्छिद्र लाकूड ते शोषून घेते. तो ओंडका बाल्कनीतील कुंडीपाशी शोभेल, टाकीत नको.

कण्हेर, बिट्टी, रुई, धोतरा, घाणेरी आणि चीक असलेले थोर-शेर यांच्या वाटेलाच जाऊ नये. निलगिरीत तेल असते आणि चिडात राळ, म्हणून तीही वगळावीत. कडुनिंबाबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘औषधी’ म्हणून त्याचा पाला टाकीत सोडणारे अनेक जण आहेत. कडुनिंब कीटकांवर चालतो म्हणूनच शेतकरी निंबोळी अर्क फवारतात, आणि श्रिंप हे कीटकांच्या नात्यातलेच संधिपाद प्राणी आहेत.

बदामाची पाने उत्तम. झाडाने पान सोडण्याआधी त्यातील बरेचसे पोषक घटक परत ओढून घेतलेले असतात, त्यामुळे आपोआप गळलेले, कडकडीत वाळलेले पान पाण्यात हळूहळू कुजते. हिरवे पान तोडून वाळवले तर त्यातील शर्करा व प्रथिने तशीच राहतात; पाणी गढूळ होते आणि अमोनिया वाढतो. हिवाळ्याच्या अखेरीस लालबुंद पाने गळतात तेव्हाच वर्षभराची बेगमी करून ठेवावी. फक्त झाड नक्की देशी बदामाचे आहे ना, हे पाहावे: पान एकसंध, टोकाकडे रुंद आणि फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या पसरलेल्या. जंगली बदाम हे निराळे झाड असून त्याचे पान हाताच्या बोटांसारखे विभागलेले असते. पाने धुऊन त्यांवर उकळते पाणी ओतले तरी पुरे. आपल्या टाकीला आरंभी एक मोठे पान टाकून आठवडाभर पाहावे. आवारात डासांसाठी फवारणी होत असेल, तर त्या पाठोपाठ पडलेली पाने घेऊ नयेत.

पेरूचे लाकूड कठीण आणि चांगले असते. साल पूर्ण काढा आणि काही महिने सावलीत वाळू द्या. नखाने दाबल्यावर ओल जाणवत असेल तर ते अजून तयार नाही.

उत्तर: मळेवाला, नाशिक

द्राक्षाच्या बुंध्याबद्दल सांगतो. बागेत बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारतात; ते म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. एक टक्क्याच्या द्रावणाला 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद पडते. बागेत ते वर्षानुवर्षे फवारले जाते आणि छाटणीनंतर खोडाला बोर्डो पेस्टही लावतात. जुन्या खोडाच्या सुट्या सालीत निळसर पापुद्रे दिसतात, ते तांबेच. शिवाय ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे विषारी रसायन लावले जाते. तांबे उकळून उडून जात नाही आणि श्रिंपला ते फार थोड्या प्रमाणातही मारक ठरते. सुपारीच्या बागांतही बोर्डो वापरतात, हे कोकण-गोव्यातील मंडळींनी ध्यानात घ्यावे. वरून, द्राक्षाचे लाकूड पाण्यात लवकर मऊ पडते, तेव्हा फवारणी नसती तरी मी ते सुचवले नसते.

उत्तर: गप्पीप्रेमी

लाकूड बादलीत भिजवून त्यात दोन गप्पी सोडाव्यात. त्या आठवडाभर जगल्या तर लाकूड चांगले समजावे, असे आमच्याकडे करतात.

उत्तर: सामू

गप्पीप्रेमी, या पद्धतीशी मी सहमत नाही. गप्पी चिवट असते. तिने सोसलेले तांबे श्रिंप सोसेलच असे नाही, आणि सावकाश झिरपणारे द्रव्य आठवडाभरात कळत नाही. बादलीत लाकूड जरूर भिजवावे, पाणी बदलत राहावे, पण ते वास, फेस आणि तवंग पाहण्यासाठी.

पाणवठा यांनी आपले पाणीही तपासावे. पानांतून येणारी आम्ले सामू, म्हणजे पीएच, किती उतरवतील हे पाण्यातील कार्बोनेट कठीणतेवर, म्हणजे आम्ल शमवणाऱ्या क्षारांच्या प्रमाणावर, अवलंबून असते. धरणाचे नळाचे पाणी बहुधा मृदू असते, त्यात थोड्या पानांनीही सामू घसरू शकतो. बोअरवेलच्या जड पाण्यात रंग येतो, पण सामू जवळजवळ हलत नाही. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की हे गणित एका दिवसात बदलते, म्हणून त्या काळात पाणी थोडे थोडे बदलावे. मृदू पाण्यात तांब्याचे विषही अधिक जहाल होते, त्यामुळे मळेवाला यांचा इशारा पुण्यात जास्तच लागू पडतो.

लाकूड बुडवण्यासाठी शहाबादी किंवा कडप्प्याचा तुकडा बांधू नये. दोन्ही चुनखडकच, आम्लयुक्त पाण्यात ते विरघळून कठीणता वाढवत राहतात. साधा काळा कातळाचा दगड (बेसॉल्ट) वापरावा.

प्रश्नकर्ता: पाणवठा

सर्वांचे आभार. ओंडका आणि बुंधा बाद केले. पेरूची दुसरी एक जुनी, वाळलेली फांदी होती, ती बादलीत ठेवली आहे. तिच्यावर पांढरा, बुळबुळीत थर आला आहे. हीही टाकून द्यावी का?

उत्तर: सह्याद्रीवासी

नको. नव्याने पाण्यात ठेवलेल्या लाकडातील शर्करेवर वाढणारे ते जिवाणू आणि बुरशी आहेत. ब्रशने घासून काढा, पुन्हा आले तर पुन्हा घासा. टाकीत गेल्यावर उरलेला थर श्रिंपच खाऊन टाकतील. कुजक्या अंड्यांसारखा वास आला किंवा लाकूड दाबल्यावर आत गेले, तर मात्र ते बाहेर काढा.