मदत हवी आहे: ऊसतोडीला आलेल्या सहावीतल्या मुलीला मधेच शाळेत बसवता येतं का? (कडेवर दोन वर्षांचा भाऊ आहे)

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकीच्या विभागात पडलं असेल तर हलवा.

आम्ही शिरोळ तालुक्यातले, शेती आहे. दर वर्षी कारखाना सुरू झाला की आमच्या रस्त्याकडेच्या पडीत बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) पडतात, यंदा बारा कोयते आहेत (एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, शहरातल्यांसाठी सांगतेय). त्यातल्या एका कोपीतली बारा वर्षांची मुलगी आमच्या बोअरवर पाणी भरायला येते. कडेवर दोन वर्षांचा भाऊ कायम, मागनं सात वर्षांचा दुसरा. परवा माझी लेक ओट्यावर अपूर्णांकांची बेरीज करत बसली होती तर ही घागर भरता भरता म्हणते, "ताई, छेद सारखे केलेच नाहीत तू". मी बघतच राहिले.

मग विचारलं तर गावाकडं सहावीत आहे म्हणे. दोन वर्षं आजीपाशी राहून शिकली, शाळेत हंगामी वसतिगृहाचं जेवण मिळायचं. दिवाळीआधी आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तिलाच आता दुसऱ्या लेकाकडं नेलंय, म्हणून हिला आणि मधल्याला इकडं आणलं. आईबाप पहाटे चारला फडात (तोडणीच्या उसात) जातात, ट्रॅक्टर भरायचा असला की यायला रात्रीचे नऊ.

मी इथल्या शाळेत जाऊन आले. सर माणूस म्हणून वाईट नाहीत हो, पण म्हणाले दाखला आणा, आधार आणा, नाव तिकडच्या शाळेच्या ऑनलाइनला आहे ते इथं चढणार नाही, आणि मार्चमध्ये परत जाणारच आहेत तर कशाला. आधार गावाकडं पेटीत राहिलंय. मधल्याचं पण तेच उत्तर.

आईशी बोलले तर ती म्हणाली, "बाई, शाळंत घालताल तुम्ही, पर ह्या लेकराला कोण सांभाळावं? फडात न्यावं तर पाचटात साप, वर ट्रॅक्टरची ये-जा." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बाप तर पुढच्या वर्षी हिचं उरकून टाकायच्या गोष्टी करतोय. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, मुकादमाकडनं (टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराकडनं) उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळतात, असा सगळा हिशोब आहे, आणि तो हे सगळं तिच्यासमोर बोलतो.

तर दाखल्याशिवाय शाळेत बसवता येतं का, बाळासाठी अंगणवाडीत काही होईल का, आणि लग्नाचं कुणाच्या कानावर घालायचं? मोठी तक्रार बिक्रार नको, टोळी हलवली तर उलट पोरगीच हातची जाईल.

बीडचा_मास्तर:
ताई, मी याच कामात बावीस वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबड लावतो. पहिलं, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5 बघा: शाळा बदलताना दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. हे सरांना भांडणाच्या सुरात सांगू नका, त्यांनाही माहीत असतं, त्यांची भीती पटाची आणि ऑनलाइनची असते.

त्यापेक्षा मुलीला तिच्या शाळेच्या हेडमास्तरांचा नंबर विचारा आणि शिक्षण हमी कार्ड मागा. स्थलांतर करणाऱ्या पोरांना मूळ शाळेनं हे द्यायचं असतं, ते दाखवून जिथं जातील तिथल्या शाळेत बसायचं. बहुतेक ठिकाणी ते छापून कपाटात पडलेलं असतं, कारण टोळी रात्री ट्रकमध्ये बसून निघून जाते, आम्हाला सकाळी पट कमी दिसला की कळतं. पटावर नाव तिकडं राहू द्या, हजेरी इकडं लावा, परत जाताना किती दिवस बसली ते लिहून घ्या. नाहीतर चार महिन्यांची गैरहजर म्हणून पोरगी शाळाबाह्यच्या यादीत जाते आणि मग ती यादीतच राहते. तालुक्याला बालरक्षक (शाळेबाहेरच्या पोरांना परत आणणारे) शिक्षक असतात, केंद्रप्रमुखांना विचारलं की नाव मिळेल.

अंगणवाडीवाली:
मी सेविका आहे. बाळाचं खरं सांगते म्हणजे उगाच आशा नको. आमच्याकडं बसवून शिकवणं आणि गरम आहार 3 ते 6 वर्षांच्या मुलांना. दोन वर्षांच्याला घरी न्यायचा आहार मिळेल, वजन होईल, लस राहिली असेल तर नर्सबाई देतील. बाहेरगावची म्हणून नाही म्हणता येत नाही, पोषण ट्रॅकरवर (आमच्या नोंदीच्या अ‍ॅपवर) बदली करून घेता येते, आईला एकदा यायला सांगा. पण दिवसभर सांभाळायचं म्हणाल तर ते पाळणाघराचं काम, आणि ते सगळ्या गावात नाही. आमच्याच गावात नाही. मी एकटी आणि मदतनीस, समोर तीस पोरं.

जयसिंगपूरकर:
काकू, एवढं करून मुकादम उद्या म्हणाला टोळी दुसऱ्या फडावर, की सगळं परत पहिल्यापासून. आधी त्याला चहा पाजा, तो हो म्हणाला की बाप हो म्हणतो.

बीडचा_मास्तर:
हे बरोबर आहे, मुकादमाला वगळून काही होत नाही. लग्नाबद्दल: बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावपातळीला ग्रामसेवकच असतो (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). तारीख ठरली असं कळलं तर 1098 या चाइल्डलाइनला फोन, नाव सांगावं लागत नाही. आत्ता नुसतं बोलणं आहे तर तिच्या वर्गशिक्षकांच्या कानावर घाला, बापाला ते ओळखत असणार, परक्याचं तो ऐकणार नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, अपडेट देते. तिला हेडमास्तरांचा नंबर तोंडपाठ होता! त्यांनी कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि आमच्या सरांशी स्वतः बोलले, दोन मास्तर अर्धा तास आपापल्या पोर्टलच्या तक्रारी करत होते, शेवटी सर म्हणाले पाठवा सोमवारपासून. मधला दुसरीत बसतो. ती दुपारच्या सुट्टीपर्यंतच बसते, तोवर बाळ माझ्याकडं, नंतर ती घेऊन जाते. सासूबाईंची रोज कटकट आहे, आणि बाळ पहिला तासभर रडतं तेव्हा मलाही वाटतं कुठनं या फंदात पडले.

पण जयसिंगपूरकर म्हणाले तेच झालं. संक्रांतीनंतर टोळी पलूसकडं जाणार असं मुकादम सांगतोय. हेच कार्ड तिथं परत चालेल ना? आणि पलूस भागात पाळणाघर चालवणारं किंवा सकाळचे चार तास लेकरू बघणारं कुणी माहितीत आहे का? आईला मी गाव विचारून ठेवलंय, नक्की कळलं की इथंच टाकते.